टॉवर ऑफ पॉवर : सूर सोडायला शिकवणारा बँड

नाशिकच्या एका तरुण बेसवादकाचा प्रश्न आलाय. तो थोडक्यात असा : "सर, जुन्या वादकांच्या तोंडून टॉवर ऑफ पॉवर हे नाव सारखं ऐकतो. शोधलं तर त्यांची मोठी हिट गाणी दोन-तीनच दिसतात, गायक तर किती बदलले त्याचा पत्ता लागत नाही. मग वादक मंडळी या बँडला एवढं का मानतात? आणि त्यांचं 'व्हॉट इज हिप' वाजवायला घेतलं की दीड मिनिटात माझा डावा हात भरून येतो. काय चुकतंय?"

तुला हे दोन प्रश्न वाटत असतील, मला तो एकच वाटतो. तुझा हात जिथे भरून येतो ना, तिथेच या बँडचं मर्म आहे. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, निवांत वाच.

मी तीसेक वर्षं बेस वाजवतोय. पुण्यात ऑर्केस्ट्रात सुरुवात केली, पुढे स्टुडिओत वाजवलं, आता बराचसा वेळ शिकवण्यात जातो. हा अमेरिकी बँड मला पहिल्यांदा ऐकवला तो जहाजांवर वाजवून परतलेल्या एका गोवेकर ट्रम्पेटवाल्याने. कॅसेट लावली आणि मला म्हणाला, "सूर सुरू कसा होतो ते ऐकू नकोस, संपतो कुठे ते ऐक." मला त्या दिवशी काही कळलं नाही. मी आपला सॅक्सोफोन किती भारी वाजतोय ते ऐकत बसलो. त्याने कॅसेट मागे घेतली आणि तोच तुकडा परत लावला. असं पाच-सहा वेळा केलं. शेवटी मला ऐकू आलं : पाच जण फुंकतायत आणि पाचही जणांचा सूर एकाच क्षणी तुटतो. शेपूट म्हणून राहत नाही. दार लावल्यासारखं सगळं बंद होतं, आणि त्या बंद झालेल्या जागेत ड्रमचा एक बारीकसा ठोका ऐकू येतो, जो एरवी कधीच ऐकू आला नसता.

एकत्र सुरू व्हायला सगळ्यांना जमतं, कारण कोणीतरी मान हलवून खूण करतं. एकत्र थांबायला मात्र वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून वाजवावं लागतं. टॉवर ऑफ पॉवरने हे काम पन्नास वर्षांहून अधिक काळ केलंय.

आता ही मंडळी आली कुठून ते सांगतो. एमिलियो कॅस्टिलो हा या बँडचा धनी. जन्म डेट्रॉइटचा, 1950 चा. लहानपणीच कुटुंब कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्व काठाला ईस्ट बे म्हणतात. ओकलंड, बर्कली, फ्रीमॉन्ट ही सगळी गावं त्यात येतात. चौदा वर्षांचा असताना एमिलियो दुकानातून टी-शर्ट चोरताना पकडला गेला. वडिलांनी दोघा भावांना बसवून बजावलं की रस्त्यावर भटकणार नाही असं काहीतरी काम शोधा. पोरं म्हणाली, संगीत शिकतो. वडील त्यांना सरळ वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले. हा किस्सा एमिलियोने अनेक मुलाखतींत स्वतः सांगितलाय आणि मला तो फार मोलाचा वाटतो. त्या बापाने पोराला नुसतं बदडलं असतं, तर हे उत्तर लिहायची वेळच आली नसती.

पोरांनी जो बँड काढला त्याचं नाव होतं द मोटाउन्स. डेट्रॉइटलाच मोटाउन म्हणतात, आणि तिथल्या सोल संगीताची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीची, गाणी वाजवायची, म्हणून ते नाव. 1968 च्या उन्हाळ्यात स्टीफन कुप्का नावाचा लांब केसांचा तरुण येऊन भेटला. तो बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवायचा. त्याने घरी येऊन वाजवून दाखवलं आणि एमिलियोच्या वडिलांनीच सल्ला दिला की याला घ्या, याच्यात काहीतरी आहे. पुढे जगाने त्याला 'डॉक' म्हणून ओळखलं. 13 ऑगस्ट 1968 हा बँड आपला वाढदिवस मानतो, कारण डॉकसोबतचा पहिला कार्यक्रम त्या दिवशी झाला. फिलमोरच्या मंचावर जायचं तर जुनं नाव चालणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एका स्टुडिओत नावांची यादी पडलेली होती, त्यातून टॉवर ऑफ पॉवर हे नाव उचललं.

फिलमोर म्हणजे बिल ग्रॅहमचं नाट्यगृह. त्या काळात तिथे वाजवणं म्हणजे शिक्का बसणं. मंगळवारी तिथे नव्या बँडना संधी मिळायची, तिथे हे वाजले आणि ग्रॅहमने त्यांना आपल्या सॅन फ्रान्सिस्को रेकॉर्ड्सवर घेतलं. 1970 मध्ये पहिला अल्बम आला, 'ईस्ट बे ग्रीझ'. 4 जुलै 1971 ला फिलमोर वेस्ट कायमचं बंद झालं, त्या शेवटच्या रात्री वाजवणाऱ्यांत सांताना आणि क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या बरोबरीने ही पोरंही होती. त्याच वर्षी सांतानाच्या तिसऱ्या अल्बममध्ये यांच्या फुंकवाद्यांची साथही आहे. बँड स्थापन होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आता रचना समजून घे, कारण सगळं तिथून येतं. पाच फुंकवादक : दोन ट्रम्पेट, दोन टेनर सॅक्स आणि एक बॅरिटोन सॅक्स. त्या काळच्या सोल बँडमध्ये साधारण तीन-चार फुंकवादक असायचे आणि ते गाण्याच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा भरायचे. डॉकचा बॅरिटोन इथे वेगळं काम करतो. तो तळाशी बसतो, बेस गिटारच्या जवळ, आणि कित्येकदा बेससोबत किंवा बेसला उत्तर देत वाजतो. त्यामुळे वरच्या ट्रम्पेटपासून खालच्या बेसपर्यंत अखंड भिंत उभी राहते. डॉकची सवय अशी की एकच जाडजूड, खरखरीत सूर, नेमक्या पाव मात्रेवर, आणि लगेच गप्प. तू बेसवाला आहेस, म्हणून आठवडाभर या बँडमध्ये बेस ऐकूच नकोस, फक्त बॅरिटोन ऐक. तो कुठे वाजवत नाही ते ऐक.

ट्रम्पेटवर ग्रेग अॅडम्स आणि मिक जिलेट. अॅडम्स अरेंजर होता आणि या बँडच्या फुंकवाद्यांचं लिखाण बव्हंशी त्याचं, 1994 मध्ये तो बाहेर पडेपर्यंत. जिलेट ट्रम्पेट ठेवून ट्रॉम्बोन उचलायचा आणि तितक्याच ताकदीने वाजवायचा. ओठांची ठेवण बदलते रे त्यात, दोन्हीवर इतकी पकड असणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. 1972 च्या 'बम्प सिटी' अल्बममधलं 'यू आर स्टिल अ यंग मॅन' लाव. सुरुवातीला ट्रम्पेट एकमेकांच्या अंगावरून चढत जातात, तो तुकडा ऐकला की मला दर वेळी कोणीतरी महत्त्वाचं दारात आल्यासारखं वाटतं. हे एमिलियो आणि डॉक यांनी मिळून लिहिलेलं पहिलं गाणं, वयाने मोठ्या मुलीवर जीव जडलेल्या तरुणाचं. ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत गेलं. गायक होता रिक स्टीव्हन्स.

स्टीव्हन्सबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत, नाहीतर 'गायक सारखे का बदलले' या तुझ्या शंकेचं उत्तर अर्धवट राहील. बँडमधून बाहेर पडल्यावर, व्यसनाच्या गर्तेत असताना, 1976 मध्ये तीन माणसांच्या हत्येत तो दोषी ठरला आणि 36 वर्षं तुरुंगात राहिला. 2012 मध्ये सुटला, पुन्हा गायला, 2017 मध्ये गेला. त्याचा आवाज ऐकताना ती तीन माणसंही माझ्या मनात असतात, आणि ती असावीत असं मला वाटतं.

त्याच्यानंतर लेनी विल्यम्स आला आणि 1973 मध्ये 'टॉवर ऑफ पॉवर' याच नावाचा अल्बम निघाला. त्यात 'सो व्हेरी हार्ड टू गो' आहे, जे 17 व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. त्यांचं सर्वांत चाललेलं गाणं तेच. पण त्याच अल्बममधलं तुझं 'व्हॉट इज हिप' यादीत 91 च्या वर गेलं नाही. हे लक्षात ठेव. ज्या गाण्यासाठी आज जगभरचे वादक या बँडला मानतात, ते बाजारात चाललं नव्हतं. रेडिओ ऐकणाऱ्याला गाणं गुणगुणायला हवं असतं, त्याला 'सो व्हेरी हार्ड टू गो' पटकन आवडणार. 'व्हॉट इज हिप' आतून उघडून बघावं लागतं, आणि तशी उघडून बघायची हौस वादकांनाच असते. पुढे 1974 मध्ये 'बॅक टू ओकलंड' आला. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात पक्का अल्बम. त्याच्या सुरुवातीला 'ओकलंड स्ट्रोक' नावाचा मिनिटभराचा तुकडा आहे आणि शेवटी तोच पुन्हा येतो. मधे चेस्टर थॉम्प्सनने बांधलेलं 'स्क्विब केक्स' आहे, सात मिनिटांहून मोठं, नुसतं वाद्यांचं. थॉम्प्सन ऑर्गनवर. त्याचा ऑर्गन बेसच्या अंगावर कधीच येत नाही. एवढी माणसं एकत्र वाजत असूनही कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

आता डेव्हिड गॅरिबाल्डी. हा 1970 मध्ये ड्रमवर आला आणि बँडचा चेहराच बदलला. फंक या ठेक्यावर चालणाऱ्या नाचाच्या संगीतातल्या जेम्स ब्राऊनच्या ड्रमरांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता, पण त्याने तिथून पुढची वाट काढली. त्याच्या वाजवण्यातल्या दोन गोष्टी तुला समजल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे आवाजाचे दोन थर. स्नेअरवरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवरचा, मुख्य ठोका जोरात, आणि मधले सगळे ठोके इतके हलके की काठी कातड्यापासून बोटभर उचलली न उचलली. पाश्चात्त्य वादक त्यांना घोस्ट नोट म्हणतात. आपल्याकडे तबला शिकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ठेक्यात मुख्य बोल ठळक आणि भरीचे बोल आत दडलेले, हे त्याने पहिल्या वर्षापासून ऐकलेलं असतं. माझ्याकडे तबल्याचं अंग असलेला एक ड्रमर शिकायला यायचा, त्याला गॅरिबाल्डीचा हात आठ दिवसांत कळला, आणि दहा वर्षं रॉक वाजवलेल्या दुसऱ्याला सहा महिने लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे ठोक्यांची वाटणी. बऱ्याच ठिकाणी हाय-हॅट (झांजांची जोडी), स्नेअर आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तो एका वेळी वाजवत नाही. एकामागून एक गुंफतो. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला स्वतःची जागा मिळते. आणि मग स्नेअरचा जोराचा ठोका, जो आपल्याला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अपेक्षित असतो, तो तो पाव मात्रा अलीकडे किंवा पलीकडे सरकवतो. ऐकणारा क्षणभर हलतो, पण नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही, कारण सम आत कुठेतरी शाबूत असते. 'ओकलंड स्ट्रोक' हा याचा वस्तुपाठ. गॅरिबाल्डीने पुढे हे सगळं पुस्तकांतून आणि कार्यशाळांतून शिकवलं. आज फंक वाजवणारा ड्रमर कुठल्याही देशातला असो, त्याने गॅरिबाल्डीचे धडे कधी ना कधी गिरवलेले असतात.

आणि आता आपला माणूस. फ्रान्सिस रॉको प्रेस्टिया. जन्म 1951 चा. तो गिटार वाजवायला आला होता. एमिलियो मंडळींना शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला बेस घ्यायला लावलं. तोही किशोरवयातच. शास्त्र फार शिकलेला नव्हता आणि आपण काय करतो हे शब्दांत सांगणं त्याला जड जायचं. पण त्याच्या हातून जे निघायचं ते त्याच्या आधी कोणी तसं वाजवलेलं नव्हतं.

त्याच सुमारास, त्याच खाडीच्या परिसरात, स्ली स्टोनच्या बँडमध्ये लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तार ठोकून वाजवत होता. तिथून स्लॅप आला. आज आपल्याकडचे तरुण बेसवादक पहिल्या महिन्यात स्लॅप शिकतात, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि लोक टाळ्या वाजवतात. रॉकोचं काही दिसत नाही. दोन बोटं आलटूनपालटून चालतायत, बस. बोटांनी वाजवायच्या फंकची ही वाट त्याने घातली, आणि तिच्यावर चालणारे कमी आहेत, कारण तिथे लपायला जागा नाही.

'व्हॉट इज हिप' मध्ये काय चाललंय ते बघ. चार मात्रांचं आवर्तन, आणि बेस चौगुनीत चाललाय, म्हणजे आवर्तनाला सोळा ठोके. बहुतेक वेळ ई सुराभोवतीच. कागदावर लिहिलं तर हसू येईल इतकं सोपं. पण ते सोळा ठोके सारखे नाहीत. काही पूर्ण सूर आहेत, काही अर्धवट गळा दाबलेले, काही नुसती 'टक' आहेत, ज्यात सूर नाहीच. आणि प्रत्येक सूर वाजताक्षणी मारलेला आहे. मारलेला हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. तो आपोआप विरत नाही, डाव्या हाताने संपवलेला असतो.

तुझा हात का भरून येतो ते आता कळलं का? तू प्रत्येक सूर दाबून धरतोयस. रॉको दाबून सोडत होता. त्याचा हात एका मिनिटात शेकडो वेळा विश्रांती घेत होता, तुझा हात एकदाही घेत नाही.

मी स्वतः यात पोळलोय. पंचविशीत हे गाणं बसवायच्या नादात रोज तीन तास दात-ओठ खाऊन वाजवलं. अंगठा बेसच्या मानेमागे असा रुतायचा की खळी पडायची. दोन महिन्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ यायला लागली की स्कूटरचा क्लच दाबता येईना. चार महिने बेस पेटीत ठेवावा लागला. तेव्हा शिकवायला कोणी नव्हतं. तुला हे टाळता येईल.

असं कर. पहिले आठ दिवस एकही सूर वाजवायचा नाही. डाव्या हाताची चारही बोटं तारांवर नुसती ठेव, हात फिरवल्यासारखी, दाबायचं नाही. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आलटूनपालटून, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) 60 वर, ठोक्याला चार. फक्त 'टकटकटकटक' ऐकू आलं पाहिजे. मधेच घंटेसारखा बारीक सूर निघाला तर हात थोडा सरकव, बोटं अशा जागी पडलीत जिथे तार स्वतःच वाजते. पाच मिनिटं वाजव, दोन मिनिटं हात झटक, परत पाच मिनिटं. सोळाही ठोके एकाच वजनाचे यायला हवेत. तुझं दुसरं बोट पहिल्यापेक्षा हलकं पडत असणार, सगळ्यांचं पडतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐक, लगेच कळेल.

नवव्या दिवशी ए तारेवर सातव्या फ्रेटला, म्हणजे बेसच्या मानेवरच्या सातव्या पट्टीला जा. ई तिथे वाजवायचा, मोकळ्या तारेवर नाही, कारण मोकळी तार दाबून सोडता येत नाही. तर्जनीने फक्त एवढं दाब की सूर निघेल. त्याहून काडीभरही जास्त नको. बाकीची तीन बोटं त्याच तारेच्या जरा वर, न टेकवता, तयार राहू देत. तर्जनी ढिली करताना ती तीन बोटं हलकी टेकव, ती सूर गिळून टाकतील. चौकडीतला पहिला ठोका सुराचा, उरलेले तीन 'टक'. ते बसलं की दुसरा सुराचा. मग तिसरा. मग चौथा. चौथ्यावर तू अडकणार, तिथे थांब, महिना गेला तरी चालेल. कारण ज्या दिवशी चौथा ठोका तुझ्या हातात बसेल, त्या दिवशी तुला गॅरिबाल्डीची स्नेअर कुठे आणि का पडते ते आपोआप ऐकू यायला लागेल.

अंगठा मानेमागून काढूनही वाजवता आलं पाहिजे, ही त्याची परीक्षा. अंगठा काढल्यावर वाजणं थांबलं, तर अजून तू दाबतोयस.

आता मागे वळून तुझी पहिली शंका घेऊ. हिट दोन-तीनच, गायक बदलते, मग मोठेपण कशात? मी जे बेसबद्दल सांगितलं तेच पाचही फुंकवादकांबद्दल खरं आहे आणि ड्रमबद्दलही. सगळे जण सूर आखूड ठेवतात म्हणून एकमेकांना जागा मिळते. हा आवाज कोणा एकाच्या गळ्यात नाही, तो दहा माणसांच्या सांध्यात आहे. म्हणून गायक गेला तरी तो टिकला. साठेक माणसं या बँडमधून येऊन गेली असतील. एमिलियो आणि डॉक मात्र मधे ठाण मांडून राहिले, आणि नवा येईल त्याला एकच गोष्ट शिकवत राहिले : कुठे थांबायचं.

बाजारातही त्यांच्या याच गुणाला मागणी होती. त्यांचा पाच जणांचा फुंकवाद्यांचा ताफा बाहेरच्या कलाकारांसाठी वाजवायला जायचा. एल्टन जॉनच्या 1974 च्या 'कॅरिबू' अल्बमवर ते आहेत. लिट्ल फीट या बँडच्या त्याच वर्षीच्या अल्बमवर आहेत आणि 1978 च्या त्यांच्या गाजलेल्या लाइव्ह अल्बमवरही. ऐंशीच्या दशकात ह्युई लुईसच्या बँडसोबत ते वाजले आणि दौऱ्यांवरही गेले. म्हणजे तुझ्या वडिलांनी कधी ह्युई लुईस ऐकला असेल, तर टॉवर ऑफ पॉवर तुमच्या घरात आधीच वाजून गेलाय, नाव न कळता. लेनी पिकेट हा त्यांचा टेनरवाला. कोवळ्या वयात बँडमध्ये आला, सॅक्सोफोनच्या नेहमीच्या पट्टीच्या कितीतरी वर जाऊन किंचाळावं तसं वाजवायचा आणि तरी सुरात. तो पुढे न्यूयॉर्कला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात गेला आणि तिथला संगीत दिग्दर्शक झाला. त्या कार्यक्रमाच्या शेवटी जो सॅक्सोफोन रडतो, तो त्याचा.

मधली वर्षं वाईट गेली, ते मी झाकून ठेवणार नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्को आला. डिस्कोत किक सरळ चार मात्रांवर पडते, तिथे गॅरिबाल्डीच्या सरकत्या ठोक्याला काम नाही आणि रॉकोच्या 'टक'लाही. कंपनी बदलली, बँडला डिस्कोच्या कपड्यात बसवायचे प्रयत्न झाले. त्या अल्बमांत मला बँड अवघडलेला ऐकू येतो. गॅरिबाल्डी येत-जात राहिला, रॉकोही काही वर्षं बाहेर होता. दारू आणि अमली पदार्थ आतून पोखरत होते. एमिलियो त्यावर उघडपणे बोलतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो त्यातून बाहेर आला, आणि 1991 च्या 'मॉन्स्टर ऑन अ लीश' पासून बँड पुन्हा उभा राहिलेला दिसतो. 1998 मध्ये गॅरिबाल्डी परतला. रॉको आणि गॅरिबाल्डी पुन्हा शेजारी उभे राहिले, ती माझ्या दृष्टीने या बँडची दुसरी जवानी.

मग शरीरं थकली. 2014 मध्ये रॉकोचं यकृत बदलावं लागलं. 12 जानेवारी 2017 ला ओकलंडमध्ये, त्यांच्याच गावात, कार्यक्रमाला निघालेले गॅरिबाल्डी आणि त्या काळात रॉकोच्या जागी वाजवणारा मार्क व्हॅन वॅगेनिंगन हे दोघे रुळांवर रेल्वेगाडीच्या धडकेत सापडले. दोघेही जबर जखमी झाले, दोघेही वाचले आणि दोघेही पुन्हा मंचावर आले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी क्लास घेऊ शकलो नाही, मुलांना नुसता 'स्क्विब केक्स' ऐकवला आणि घरी सोडलं. 2018 च्या जूनमध्ये पन्नाशी साजरी झाली, ओकलंडच्या फॉक्स थिएटरमध्ये. पिकेट, चेस्टर थॉम्प्सन, गिटारवाला ब्रूस काँटी, जुनी माणसं परत येऊन वाजली. त्याची ध्वनिमुद्रणं 2021 मध्ये निघाली. त्याआधी 'सोल साइड ऑफ टाउन' आणि 'स्टेप अप' हे दोन ताजे अल्बमही त्यांनी काढले. पन्नाशीला पोचलेला बँड जुन्या गाण्यांवर पोट भरत बसला नाही याचं मला फार कौतुक आहे. मिक जिलेट 2016 मध्येच गेला होता. 29 सप्टेंबर 2020 ला रॉको गेला, 69 वर्षांचा होता. काँटी 2021 मध्ये.

कुठून ऐकायचं म्हणशील, तर क्रम असा ठेव. आधी 'यू आर स्टिल अ यंग मॅन' आणि 'सो व्हेरी हार्ड टू गो', फक्त गाणी म्हणून, वही-पेन न घेता. मग 'बॅक टू ओकलंड' पूर्ण, एका बैठकीत, आणि चांगल्या हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर बेसचा गळा ऐकूच येत नाही, तिथे रॉकोचं सगळं कामच गायब होतं. मग 'ओन्ली सो मच ऑइल इन द ग्राउंड', 1973 च्या तेलटंचाईनंतरचं. त्याचा विषय अजूनही शिळा झालेला नाही. मग 1976 चा 'लाइव्ह अँड इन लिव्हिंग कलर', मंचावर हे लोक कसे सुटायचे ते कळायला. 'व्हॉट इज हिप' सगळ्यात शेवटी.

आणि तुझ्या बँडमध्ये फुंकवाद्यं नसतील, आजकाल कुणाकडेच नसतात, कीबोर्डवर ब्रासचा आवाज लावतात. हरकत नाही. कीबोर्डवाल्याला एवढंच सांग की बोट कधी उचलायचं ते तू आणि तो मिळून ठरवा. एक साधा स्वर धरा, दोघांनी एकत्र सुरू करा आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर अर्ध्यावर एकत्र सोडा. रोज दहा मिनिटं, तालमीच्या आधी. ड्रमवाल्याला मधे काही वाजवू देऊ नका, त्याला फक्त ऐकायला बसवा आणि चुकलात की हात वर करायला सांगा. पहिल्या दिवशी त्याचा हात खाली येणार नाही.

महिनाभराने चार मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव. गाणं नको. एकच ई, मेट्रोनोम 60, चौथा ठोका सुराचा.